सोडायला कोण येणार?

उंबरा · रविवार, रात्री ९:१२

(मोठं झालंय. चहा घेऊन बसा.)

गेल्या महिन्यात सिग्नलला उभी असताना मागून एक टेम्पो येऊन टेकला आणि आमची गाडी एकोणीस दिवस गॅरेजमध्ये गेली. मागच्या दिव्याचा कुठलासा भाग "उद्या येतोय ताई" करत होता. नवऱ्याला ऑफिसची बस आहे, मला स्कूटी आहे. म्हटलं, काय फरक पडतोय? आम्हा दोघांना खरंच पडला नाही. पडला तो आईला आणि लेकीला.

आई बहात्तरची. पंचेचाळीस वर्षं सदाशिव पेठेत काढली, खुन्या मुरलीधराजवळच्या एका बोळात. वाडा बिल्डरकडे गेला आणि चार वर्षांपूर्वी ती आमच्याकडे बावधनला आली. पेठेत तिचा दिवस ठरलेला असायचा. सकाळी चिमण्या गणपती, येताना दूध, दुपारी वाचनालय, संध्याकाळी मंडई. गिरणी, शिंपी, बँक, डॉक्टर, सगळं दहा मिनिटांच्या चालीत. तिला गाडी चालवता येत नाही, सायकलही कधी आली नाही. पण बाबा गेल्यावरसुद्धा "मला जरा सोडतेस का गं" असं तिला कुणाला म्हणावं लागलं नव्हतं.

बावधनला आल्यापासून तिचं एक वाक्य ठरून गेलंय: "उद्या कोण सोडतंय?" भजनाला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे, कोथरूडला मावशीकडे. हे विचारताना तिचा आवाज थोडा खाली येतो. मला ते चार वर्षं कळलंच नाही, कारण मी किल्ली उचलून "चल" म्हणून मोकळी होत होते. आता गुडघ्यामुळे तिला स्कूटीवर बसता येत नाही आणि गाडी नव्हती. तिसऱ्या दिवसापासून तिनं विचारणंच बंद केलं. भजन चुकलं तर म्हणाली, "नाहीतरी मला कंटाळाच आला होता."

औषधांचं सांगते. आमच्या गेटमध्ये उभं राहिलं की समोरच्या औषधांच्या दुकानाची पाटी वाचता येते. मधे रस्ता, दुभाजक आणि दुभाजकावर लोखंडी जाळी. गाडीनं जायचं तर पुढे जाऊन यू-टर्न, येताना पुन्हा तेच, दीड-दोन किलोमीटर होतात. पायी जायचं तर जाळीचे दोन गज कुणीतरी कापून ठेवलेत, त्यातून. एका सकाळी आई हट्टानं म्हणाली, मीही येते. अर्धा रस्ता ओलांडायला आम्हाला सहा मिनिटं लागली, मी घड्याळ बघत होते. दुभाजकावर पोचल्यावर तिनं एका हातात निऱ्या धरल्या आणि दुसऱ्या हातानं कापलेल्या जागेचा गज. त्या गजाकडे माझं तेव्हा लक्ष गेलं. बाकी सगळी जाळी धुळीनं माखलेली आणि हा एकच गज देवळाच्या उंबऱ्यासारखा गुळगुळीत. रोज किती हात लागत असतील त्याला! कामवाल्या बायका, वॉचमन, शाळेची पोरं. गाडीच्या काचेतून हे मला चार वर्षांत दिसलं नव्हतं.

लेक अकरा वर्षांची. मी तिच्या वयाची असताना सायकलवर शाळेत जायचे, क्लासला जायचे, मैत्रिणीकडे जायचे. पुणं तेव्हा सायकलींचंच गाव होतं. हिलाही सायकल आहे. ती पार्किंगच्या वरच्या पोडियमवर गोल गोल फिरते, सर्कशीतल्या अस्वलासारखी.

"गाडीवर अवलंबून" म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चालवणारा येतो. पण चालवणाऱ्याला निदान किल्ली तरी आहे. आमच्या घरात गाडी आल्यापासून दोन जाती झाल्यात, नेणारे आणि नेले जाणारे. दुसऱ्या जातीला वेळ विचारून घ्यावी लागते.

गाडीला शिव्या घालायला धागा काढलेला नाही. गाडी परत आली तेव्हा मी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. विचारायचं एवढंच की तुमच्याकडे नेले जाणारे कोण आहेत आणि ते कसं भागवतात?

---

बिनघोर · रविवार, रात्री ९:२०

रुमाल टाकून ठेवतो. वाचून लिहितो.

---

चारचाकीवाला · रविवार, रात्री ९:५१

लिहिलंय छान, पण शेवटी खापर आमच्याच डोक्यावर फुटणार हे माहीत आहे.

ताई, रागावू नका. बावधनला घर घेतलंत तेव्हा काय बघितलं होतंत? ब्रोशरमध्ये "चांदणी चौकापासून पाच मिनिटं" असं लिहिलेलं असतं. ती पाच मिनिटं गाडीचीच असतात, पायांची नव्हे. हे तेव्हाही कळत होतं.

दुसरं म्हणजे, मी अकरा वर्षं बाईकवर बायको आणि पोरगा घेऊन फिरलोय. जुलैच्या पावसात, पोरगा मधे सॅंडविच, वर एकच रेनकोट. एकदा कर्वे रस्त्यावर ऑइल सांडलं होतं, घसरलो. पोराच्या हनुवटीला चार टाके. पुढच्या दिवाळीत कर्ज काढून गाडी घेतली. ज्या रात्री गाडी दारात आली त्या रात्री मी शांत झोपलो. "गाडीचं व्यसन" वगैरे म्हणणाऱ्यांनी आधी तीन सीट बाईक चालवून दाखवावी.

---

उंबरा · रविवार, रात्री १०:०८

@चारचाकीवाला, रागावले नाही. घराचं म्हणाल तर पेठेतल्या दोन खोल्यांच्या भावात इथे तीन मिळाल्या, हे सरळ उत्तर आहे. त्या पाच मिनिटांचा हिशेब मी माझ्यापुरता केला होता, आईसाठी केला नव्हता. तेवढी चूक कबूल.

टाक्यांचं वाचून कसंतरी झालं.

---

वाटसरू_७ · रविवार, रात्री ११:३३

चांदणी चौकाचं नाव निघालंच आहे म्हणून. जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर स्फोटानं पाडला. लोक टीव्हीसमोर जागत बसले होते, वर्ल्ड कपची मॅच असल्यासारखे. पुढच्या ऑगस्टमध्ये नव्या पुलांचं उद्घाटन झालं. रॅम्प, भुयारी मार्ग, सगळीकडे जाणाऱ्या सगळ्या मार्गिका. मुळशीकडून येऊन तिथे एसटीला उभ्या राहणाऱ्या माणसानं पलीकडे कसं जायचं, हा प्रश्न मात्र उद्घाटनानंतर लोकांना विचारत बसावं लागलं. पादचारी पूल मागून. आराखड्यात गाडी कुठून येईल आणि कुठे जाईल याचे बाण असतात, माणसाचा बाण नसतो.

आणि हे धोरण म्हणून कुणाला सुचलं नव्हतं असंही नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात स्वच्छ लिहिलंय की रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, माणसांना वाटून द्या. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात देशातली पहिली बीआरटी (बसला वेगळी राखीव मार्गिका) सुरू झाली, कात्रज-स्वारगेट-हडपसर. पुढे काय झालं ते पुणेकरांना सांगायला नको. बसच्या मार्गिकेत दुचाक्या, मग चारचाक्या, मग "बसमुळेच कोंडी होते" ही ओरड, मग कठडे काढा. नगर रस्त्यावरची तर उखडूनच टाकली. काढल्यावर कोंडी संपली का, हे त्या रस्त्यानं रोज जाणाऱ्यांनी सांगावं.

बीआरटी चांगली बांधली होती असं माझं म्हणणं नाही. रस्त्याच्या मधोमध थांबा आणि तिथवर पोचायला जीव मुठीत, ही रचना करणाऱ्यांनाच ठाऊक. पण अर्धवट औषध घेऊन "औषध लागू पडत नाही" म्हणायची आपली जुनी सवय आहे.

---

भोचक_भवानी · रविवार, रात्री ११:४०

>> सर्कशीतल्या अस्वलासारखी

लेकीला हा धागा दाखवू नका. हलके घ्या.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे 'बाय द वे'; हा शब्द याच धाग्यासाठी जन्मला होता बहुतेक), आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचे काका तळमजल्यावरच्या जिमला लिफ्टनं येतात आणि तिथे ट्रेडमिलवर चालतात. नंतर गाडी काढून टेकडीवर फिरायला जातात. टेकडीखाली पार्किंग मिळालं नाही तर चिडून परत येतात. हे विनोद म्हणून नाही सांगत, काल घडलंय.

---

पेकन_वृक्षाखाली · सोमवार, पहाटे ५:१७

टेक्ससहून. कायम रोमात (नुसती वाचत) असते, आज राहवलं नाही.

"उद्या कोण सोडतंय" हे वाक्य माझ्या सासूबाई इथे आल्या की रोज म्हणतात. आमच्याकडे फूटपाथ आहे बरं का, सुरेख, झाडीतला. तो आमच्याच वसाहतीत गोल फिरून घरी आणून सोडतो. वसाहतीबाहेर सहापदरी रस्ता. दूध अडीच मैलांवर. बस? कसली बस? त्या अकलूजच्या. तिथे सकाळी सातला भाजी, देऊळ, बहिणीचं घर करून येणारी बाई. इथे तिसऱ्या आठवड्यात खिडकीत बसून जाणाऱ्या गाड्यांचे रंग मोजायला लागल्या. सहा महिन्यांचा व्हिसा असतो, दोन महिन्यांत "माझं तिकीट अलीकडचं कर" म्हणाल्या. मला वाटायचं त्यांना सुनेचा कंटाळा आलाय. आता कळतंय.

इथे मुलांना सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं तेव्हा मुलापेक्षा आईबाप जास्त नाचतात. ड्रायव्हरच्या नोकरीतून सुटका!

रस्ते रुंद करण्याबद्दल एक. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे. २००८ मध्ये रुंदीकरण संपलं, सर्व्हिस रोड धरून काही ठिकाणी २६ मार्गिका, खर्च २.८ अब्ज डॉलर. काही वर्षांत संध्याकाळचा प्रवास आधीपेक्षा लांबला. रस्ता मोठा झाला म्हणून लोक आणखी लांब राहायला गेले, लांब गेले म्हणून जास्त गाड्या आल्या. माझ्या ऑफिसातला एक जण म्हणतो, कंबर वाढली म्हणून पट्टा सैल केला, त्यानं वजन कमी होतं का? तो स्वतः त्याच रस्त्यानं रोज दीड तास येतो.

---

वडाप · सोमवार, सकाळी ७:०२

तुमी शहरातली मानसं फूटपाथावर भांडा. आमच्याकडं प्रश्न येगळा.

सातारा जिल्हा, घाटाखालचं गाव. एसटी सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला. मधी वडाप. जीपमधी मागं बारा, पुढं चार, टपावर मावतील तेवढी. २०२१ च्या दिवाळीला एसटीचा संप झाला तो २०२२ च्या एप्रिलपतूर चालला. पोरींचं कॉलेज बंद पडलं. ज्याच्या घरात मोटरसायकल त्याची पोरगी गेली, बाकीच्या घरी बसल्या. त्या सहा महिन्यांत आमच्या आळीत सात मोटरसायकली आल्या, सगळ्या हप्त्यावर. संप मिटला तवर लोकांची सवय मोडली होती. गाडीला माणूस नाही म्हणून फेरी कमी, फेरी कमी म्हणून माणूस नाही. आता दुपारची फेरी गेली ती गेलीच.

माझी म्हातारी दवाखान्याला जायचं तर मला एक दिवसाची रजा. म्हातारी म्हणती, "दुखतंय, पर रविवारपतूर थांबते." हे ताईंच्या आईच्या कंटाळ्यासारखंच झालं.

---

हिशेबनीस · सोमवार, सकाळी १०:२५

भावना पोहोचल्या. आता थोडे आकडे.

ऑक्टोबर २०२४: मुंबईच्या पाचही वेशींवर हलक्या वाहनांना टोल माफ.
जानेवारी २०२५: एसटीची भाडेवाढ, १४.९५ टक्के.
मे २०२५: मुंबईच्या बेस्ट बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून १०.
जून २०२५: पुण्याच्या पीएमपी बसचं किमान भाडं ५ वरून १०.

आठ महिन्यांतले चार निर्णय. यात कुणाची बाजू घेतली हे मी सांगत नाही, ओळीनं वाचा.

आता जागा. एका चारचाकीला उभं राहायला अडीच मीटर गुणिले पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर धरतात. दोन गाड्यांना पंचवीस. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात एका अख्ख्या कुटुंबाला कित्येक वर्षं जे घर मिळत होतं ते २६९ चौरस फूट, म्हणजे बरोबर पंचवीस चौरस मीटर. दोन गाड्यांची जागा म्हणजे एक संसार. शिवाय गाडी दिवसातले बावीस-तेवीस तास नुसती उभी असते. घरात निदान कुणी स्वयंपाक तरी करतं.

रस्त्यावर ही जागा आपण फुकट देतो. पुण्यात २०१८ मध्ये पैसे घेऊन पार्किंगचं धोरण महापालिकेनं मंजूर केलं, केवढा गदारोळ झाला होता तेव्हा, आणि अंमलबजावणी अडकली ती अडकलीच. २०२५ मध्ये परिवहनमंत्री म्हणाले की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नवी गाडी नोंदवू देणार नाही. जपानमध्ये हे १९६२ च्या कायद्यापासून चालू आहे, पोलीस येऊन जागा बघून दाखला देतात. आपल्याकडे दाखला कसा मिळेल हे मला आत्ताच दिसतंय.

---

पिठलं_भाकरी · सोमवार, सकाळी १०:५८

@हिशेबनीस, हिशेब करायचा तर पूर्ण करा. एसटीत ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना तिकीट नाही आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. माझी आई त्यावर अर्धा महाराष्ट्र फिरून आली. अक्कलकोट, माहूर, गणपतीपुळे. घरातल्या गाडीत तिला इतकं कुणी फिरवलं नव्हतं.

---

वडाप · सोमवार, सकाळी ११:१५

तिकीट अर्धं, मान्य. पर गाडी पुरी यायला पायजे ना.

---

चारचाकीवाला · सोमवार, दुपारी १:४०

हिशेबनीस, संसार आणि पार्किंगची तुलना टाळ्या घ्यायला बरी. माझ्या बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. सकाळी सहाला पोचायचं, अकराला सुटतात तेव्हा पायांत जीव नसतो, उलटी होते कधी कधी. रिक्षावाला एकदा अर्ध्यात म्हणाला, "काका, सीटवर नको हां." त्या दिवसापासून बाबा रिक्षात बसत नाहीत. त्यांच्यासाठी ती गाडी म्हणजे पाय आहेत. टोल माफ झाला तर झाला, आम्ही काय रोड टॅक्स भरत नाही?

तुम्हाला बसेस वाढवायच्या असतील तर वाढवा, मी कुठे नाही म्हणतो? पण आधी बस आणा, मग माझ्या पार्किंगला हात लावा. उलटं नको.

---

वाटसरू_७ · सोमवार, दुपारी २:२२

@चारचाकीवाला, तुमच्या बाबांच्या गाडीला कुणीच हात लावत नाहीये. उलट त्यांची गाडी सकाळी पावणेसहाला ज्या रस्त्यानं जाते तोच रस्ता अकराला बंद कशानं होतो? एकेकटे बसलेल्या माझ्यासारख्यांच्या गाड्यांनी. ज्याला बस चालली असती तो बसमध्ये गेला तर ज्याला गाडीच हवी त्याचा रस्ता मोकळा होतो.

"आधी बस आणा" हे मात्र तुमचं शंभर टक्के खरं. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून २००७ मध्ये पीएमपी झाली. तेव्हापासून किती पूल उभे राहिले आणि त्यातले काही पाडूनही झाले! विद्यापीठ चौकातला आठवा. पूल बांधून, पाडून, पुन्हा बांधायला पैसे मिळतात. बसथांब्याला छप्पर मागितलं की निधीचा प्रश्न येतो.

---

आंतोनिओची_शेजारीण · सोमवार, दुपारी ४:०६

गोव्याहून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) घरात चारचाकी असलेली कुटुंबं देशात साडेसात टक्के, आणि गोव्यात पंचेचाळीसच्या आसपास. देशात पहिला नंबर! आम्ही काय फार श्रीमंत म्हणून नव्हे. गावं लांब लांब पसरलेली, घर भाटात (माडांच्या बागेत), बस मुख्य रस्त्यावरून जाणार आणि अंधार पडला की तीही विरळ. मग प्रत्येक घरानं आपली सोय आपण करायची.

आमच्याकडे एक चीज चांगली होती, पायलट. पिवळ्या-काळ्या मोटरसायकलीवरचा माणूस, सरकारी परवान्याचा. माझी आई शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात बसनं जायची आणि येताना तिठ्यावरून पायलट करून घरी. एका हातात छत्री, मांडीवर बांगड्यांची पिशवी (मासळीच्या बांगड्यांची!). पायलटला आमचं घर, कुत्रा, गडग्याचं फाटक सगळं ठाऊक. आता आमच्या तिठ्यावर एकच उरलाय, तोही सासष्टीचा झाला. (वयानं. तालुका बार्देशच.) पोरांना त्या धंद्यात यायचं नाही.

---

मुलुंड_स्लो · सोमवार, संध्याकाळी ६:३०

मुंबईकर गप्प का म्हणून लिहितो. आमच्याकडे कंपनीचा साहेब आणि त्याचा शिपाई एकाच लोकलला लटकतात, हे आमचं एकमेव भूषण. पण मार्च २०२४ मध्ये कोस्टल रोडचा पहिला टप्पा उघडल्यापासून आमचा साहेब गाडीनं यायला लागलाय आणि रोज "बारा मिनिटांत वरळी!" ऐकवतो. आम्ही ठाण्याला चौथ्या सीटवर अर्धे बसून ऐकतो.

---

दोन_वेण्या · सोमवार, रात्री ८:४४

लेकीच्या मुद्द्यावर कुणीच बोललं नाही म्हणून. मुलाच्या शाळेसमोर रोज दुपारी साडेबाराला जो प्रकार चालतो तो बघा. दुहेरी रांगेत गाड्या, इंजिनं चालू, एसी चालू. मुलांना एकटं का सोडत नाही? रस्ता धोक्याचा आहे म्हणून. धोका कुणाचा? न्यायला आलेल्या गाड्यांचा! मागच्या आठवड्यात एका आईनं रिव्हर्स घेताना दुसऱ्या आईच्या गाडीला ठोकलं आणि मधे चार दप्तरं उभी होती. सुदैवानं नुसती दप्तरंच. शाळेनं दुसऱ्या दिवशी पत्रक काढलं: पालकांनी पाल्यांना घ्यायला वेळेवर यावे.

---

तुळस_आयंडहोवन · सोमवार, रात्री ९:३०

@दोन_वेण्या, हे नेदरलँड्समध्ये घडून गेलंय. सायकलींचा देश म्हणून सगळे फोटो काढतात, पण साठच्या दशकात इथेही चौकांचं पार्किंग करणं जोरात होतं. १९७१ मध्ये रस्त्यांवर ३,३०० च्या आसपास माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. मग आईबाप रस्त्यावर उतरले, पोरांना घेऊन रस्त्यातच बसले. चळवळीचं नावच "मुलांच्या हत्या थांबवा" असं होतं. १९७३ मध्ये तेल महागलं, सरकारनं काही रविवार गाड्या बंद ठेवल्या आणि लोक महामार्गावर स्केटिंग करायला गेले. तिथून पुढे हळूहळू बदललं. हे काही त्यांच्या रक्तात नव्हतं.

आणि इथे गाड्या नाहीत असं समजू नका. आमच्या गल्लीत जवळपास प्रत्येकाकडे आहे. आमच्याकडेही आहे. फक्त माझा नऊ वर्षांचा मुलगा शाळेत, पोहायला, मित्राकडे स्वतः जातो आणि मी कुणालाही "येते हं सोडायला" म्हणत नाही. आई आली होती तेव्हा शेजारच्या ऐंशी वर्षांच्या आजी तिच्यासमोरून सायकलवर भाजी घेऊन गेल्या. आई दोन दिवस त्याच विषयावर होती.

---

चारचाकीवाला · सोमवार, रात्री ९:४८

नेदरलँड्स सपाट आहे, थंड आहे आणि तिथे कर्वे रस्ता नाही.

---

तुळस_आयंडहोवन · सोमवार, रात्री ९:५५

सपाट खरं. पण समोरून येणारा वारा असतो ना, तो कात्रजच्या घाटापेक्षा वाईट.

---

बिनघोर · मंगळवार, सकाळी ९:०५

रुमाल उचलतो. मी लक्ष्मी रस्त्यावर दुकानात काम करतो. २०२१ पासून ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन करते, रस्ता गाड्यांना बंद. पहिल्या वर्षी मालक म्हणाले, आज गिऱ्हाईक येत नाही, चल पत्ते खेळू. पत्ते काढायला वेळच झाला नाही. लोक रस्त्याच्या मधून चालत होते, आजोबा लोक खुर्च्या टाकून बसले होते. एक बाई दुकानात शिरून म्हणाल्या, "तुमचं दुकान इथे आहे होय! मी रोज इथून जाते." रोज स्कूटरवरून. १२ तारखेला पुन्हा हॉर्न.

---

वाटसरू_७ · मंगळवार, सकाळी ११:२०

@उंबरा, तुमच्या आईंसाठी एक बातमी. वनाज ते चांदणी चौक मेट्रोला केंद्रानं २०२५ च्या जूनमध्ये मंजुरी दिलीय. चार वर्षांत करायचं ठरलंय.

---

उंबरा · शुक्रवार, रात्री १०:१५

@वाटसरू_७, आईला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे मी तेव्हा शहात्तरची. लिफ्ट असेल ना?"

सगळ्यांचे प्रतिसाद तिला वाचून दाखवले. अकलूजच्या सासूबाईंचं दोनदा वाचायला लावलं. वडाप यांच्या म्हातारीचं वाचलं तेव्हा काहीच बोलली नाही, उठून देवापाशी गेली.

आता कालचं. मी मीटिंगमध्ये होते, साडेअकराला तिचा फोन. मागे प्रचंड गोंगाट. "मी मंडईत आहे. घेवडा कोवळा दिसतोय, किती आणू?" मला वाटलं, बावधनच्या भाजीच्या दुकानाला मंडई म्हणतेय. नाही! ती गेटवरून रिक्षा करून वनाजला गेली, मेट्रोनं जिल्हा न्यायालय, तिथे कुणा कॉलेजच्या मुलीला विचारून दुसऱ्या गाडीत बसली आणि जमिनीखालून थेट मंडईत वर आली. एकटी. मला आधी सांगितलं नाही, कारण मी "थांब, शनिवारी नेते" म्हणाले असते. म्हणालेच असते.

रिक्षाचे मेट्रोपेक्षा कितीतरी जास्त झाले. पण तिथे तीन तास होती. जुन्या शिंप्याकडे जाऊन आली, चिमण्या गणपतीला गेली, भाजीवाल्या मावशींनी चहा पाजला म्हणे.

परत येताना वनाजला उतरली आणि रिक्षा मिळेना. बावधन म्हटलं की पुढे. पंचवीस मिनिटं उभी होती, दोन पिशव्या घेऊन, बसायला काही नाही. शेवटी पुन्हा फोन आला, आवाज तोच, खालचा: "येतेस का गं घ्यायला?"

गेले. गाडीनंच.

---

भोचक_भवानी · शुक्रवार, रात्री १०:२२

घेवडा कसा होता ते राहिलं.

---

उंबरा · शुक्रवार, रात्री १०:३१

कोवळा होता. दीड किलो आणलाय, आज निवडत बसलोय तिघी. पुढच्या गुरुवारी पुन्हा जाणार म्हणतेय, या वेळी लेकीला घेऊन.